पळीवाढीचा सिद्धांत: धार-देवासच्या ताटातील भाज्यांचे नामशास्त्र

भाजीला नाव कशावरून द्यावे, या प्रश्नाकडे विद्वानांनी आजवर केलेले दुर्लक्ष अक्षम्य आहे. ताम्रपटांवर प्रबंध झाले, मोडीच्या रुमालांवर झाले, पेशव्यांच्या पागोट्यांवरही कोणीतरी केलाच असेल. पण दुधी भोपळ्याची भाजी 'पातळ' कधी होते आणि 'रस्सा' कधी, ही सीमारेषा कोणी आखलेली नाही. प्रस्तुत लेखकाने ती आखायचे ठरवले आणि अभ्यासक्षेत्र म्हणून धार व देवास ही दोन गावे घेतली. याला कारणे दोन. पहिले असे की पवारांच्या मागोमाग आलेली मराठी घरे अठराव्या शतकापासून इथे नांदत आहेत, त्यामुळे एकाच कढईत दोन भाषांची फोडणी पडते. दुसरे कारण पुढे येईल. सगळी कारणे पहिल्याच परिच्छेदात देऊन टाकली की वाचक उठून जेवायला जातो.

शास्त्र म्हटले की तुलना आलीच. तुलनेसाठी आम्ही जपानी पाककला निवडली, आणि ही निवड लहरीपणाने केलेली नाही. धार जिल्ह्यातल्या पिथमपूरजवळ ब्रिजस्टोन या जपानी कंपनीचा टायरचा कारखाना आहे. म्हणजे जपानी जीभ आणि माळवी भाजी यांची गाठ एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या हद्दीत पडू शकते, हे कागदोपत्री सिद्ध आहे. अशा प्रसंगी कोणाला काय म्हणावे हे आधीच ठरलेले बरे.

जपानी पद्धतीत भाजीचे नाव म्हणजे पंचनामा असतो. तिच्यावर कोणती क्रिया झाली तेवढेच त्यात नोंदवतात. रसात मंद शिजवली तर ती निमोनो, भाजली तर याकिमोनो, वाफवली तर मुशिमोनो, तळली तर आगेमोनो, कशात तरी कालवली तर आएमोनो, शिरक्यात घातली तर सुनोमोनो, मुरवली तर त्सुकेमोनो. 'मोनो' म्हणजे वस्तू. मुळा असो, कमळकाकडी असो की भोपळा, गुन्हा तोच तर कलमही तेच. त्यांच्याकडे स्वयंपाकाच्या पाच रीती मानतात: कच्चे ठेवणे, उकळणे, भाजणे, वाफवणे, तळणे. या शिस्तीचे फळ म्हणून २०१३ साली युनेस्कोने त्यांची 'वाशोकू' परंपरा मानवजातीच्या वारशात नोंदवून घेतली. आमच्या अळूच्या फदफद्याला असे कोणी विचारलेले नाही, आणि नाव ऐकल्यावर विचारेल असेही वाटत नाही.

आता आपल्याकडची रीत पाहू. सासूबाईंनी बाहेरून आल्यावर विचारले, "काय केलंस गं आज?" सून म्हणते, "बटाटा." इथे माहिती संपत नाही, सुरू होते. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "रस्सा की सुका?" भाजी उकडली, परतली की वाफवली हे विचारणारी सासू आमच्या पाहण्यात नाही. विचारले जाते ते एवढेच, की ही वस्तू ताटात वाढल्यावर जागेवर राहील की चालू लागेल. यावरून आमचा सिद्धांत सहज निघतो. जपानी भाजीला तिच्या भूतकाळावरून ओळखतो, मराठी माणूस भविष्यकाळावरून.

वाहण्याच्या पायऱ्या आम्ही घराघरांतून गोळा केल्या. सर्वांत खाली मोकळी, म्हणजे जिचे दाणे वा फोडी एकमेकींशी बोलत नाहीत अशी. मग अंगासरशी रस असलेली. हिच्यात ओल असते, पण ती घरातल्या घरात असते. त्यानंतर लपथपीत. हा शब्द ज्याला समजला त्याला भरल्या वांग्यांविषयी वेगळे काही सांगावे लागत नाही. मग दाटसर, मग पातळ, मग रस्सा, आणि शेवटी ज्याला पाणचट म्हणतात तो प्रदेश. तो शास्त्रात येत नाही. तो फक्त नणंदेच्या बोलण्यात येतो.

यात दाटसर आणि पातळ यांच्या मधोमध बसते ती पळीवाढी. हीच या शास्त्राची गंगोत्री. पळीवाढीची व्याख्या करण्याचे प्रयत्न अनेकदा फसले आहेत. चिमटीने वाढता येत नाही आणि ओतताही येत नाही ती पळीवाढी, असे म्हटले तर श्रीखंडही तिच्यात शिरते. म्हणून आम्ही वाटीची कसोटी मांडतो. जिला वाटी द्यावीच लागते ती पातळ, जिला वाटी दिली तर हसे होते ती सुकी, आणि जिला वाटी द्यावी की नाही यावरून घरात बोलाचाली होते ती पळीवाढी. या व्याख्येत पदार्थाबरोबर माणसेही आल्यामुळे ती भौतिकशास्त्रज्ञांना आवडणार नाही. त्यांनी आपला रस्सा वेगळा करावा.

देवासच्या एका स्वयंपाकघरात ऐकलेला संवाद पुरावा म्हणून इथे देणे भाग आहे. मूळ बोलीत देतो, कारण प्रमाण मराठीत त्याचा कस जातो.

"काकू, दुधी जरा पतलाच झाला हो."

"पतला नाही म्हणू गं. पळीवाढी म्हण. पाहुणे यायचेत."

एका शब्दाने भाजी एक पायरी दाट झाली आणि पाण्याचा एक थेंबही आटवावा लागला नाही. पंचनाम्याच्या पद्धतीत ही सोय नाही. निमोनोत पाणी जास्त झाले तरी तो निमोनोच राहतो आणि यजमानीण बिचारी उघडी पडते.

इथे पूर्वपक्ष उभा राहतो. भरीत, भरली वांगी, आणि माळव्यापुरते बोलायचे तर भुट्ट्याचा कीस, ही नावे क्रियेवरून पडलेली नाहीत काय? भरलेले ते भरले, किसलेला तो कीस. मग सिद्धांताचे काय झाले? आक्षेप खरा आहे आणि तो मान्य करून आम्ही पुढे जाणार होतो, पण किसाने अडवले. पावसाळ्यात कोवळे भुट्टे येतात, ते किसणीवर किसायचे, तुपात मोहरी-जिरे-हिंग आणि हिरव्या मिरचीची फोडणी, त्यात कीस परतायचा आणि मग दूध. हे दूधच सगळा घोटाळा करते. दूध घालण्याआधी कीस मोकळा व्हायला निघालेला असतो. दूध पडले की तो पुन्हा ओला होतो, मग आटतो, मग सुटू लागतो. खाली उतरवायची वेळ प्रत्येक घराची वेगळी. इंदूरच्या सराफ्यात तो चमच्याने उचलता येईल इतका मऊ मिळतो. धारला आम्हाला एका घरी तो असा मिळाला की बशी वाकडी केली तरी हलला नाही. नाव एकच, अवस्था दोन. म्हणजे क्रियेवरून पडलेल्या नावाने ताटाला काहीच कळत नाही. तेव्हा आक्षेपाने आमचाच पक्ष बळकट केला, असे आम्ही समजतो. जपान्यांकडेही किसलेल्या मुळ्याला 'ओरोशी' म्हणतात, पण तो कीस माशाच्या किंवा तळणाच्या शेजारी ढिगाने ठेवला की संपले. आमचा कीस भाजी आहे की न्याहारी, हेच अजून ठरलेले नाही.

या विषयात पूर्वसूरी कोण, हे पाहण्याची पद्धत आहे. जपानात दोगेन या झेन गुरूने १२३७ साली मठातल्या आचाऱ्यासाठी स्वतंत्र उपदेशग्रंथ लिहिला. तांदळातले खडे आणि भाजीचा देठ यांच्याकडे साधकाने कसे पाहावे, इतका गंभीर विचार त्यात आहे. त्या मठांतल्या शाकाहारी जेवणात कांदा-लसूण बारा महिने वर्ज्य. आमच्याकडे तो चातुर्मासापुरता वर्ज्य, आणि त्या विरहाची तयारी म्हणून आषाढात कांदेनवमी नावाचा अख्खा दिवस ठेवलेला आहे. दोन्ही संस्कृती त्यागाच्याच. आमची फक्त आधी पोटभर भजी खाऊन घेते.

धारला या बाबतीत जपानपुढे मान खाली घालायचे कारण नाही. जिल्ह्यातल्याच मांडवगडावर पंधराव्या शतकाच्या अखेरीस माळव्याचा सुलतान घियासुद्दीन खिलजी याने 'नेमतनामा' नावाचा पाकग्रंथ लिहवून घ्यायला सुरुवात केली आणि तो त्याचा मुलगा नासिरुद्दीन याच्या कारकिर्दीत पुरा झाला. घियासुद्दीनाने राज्यकारभार मुलावर सोपवला आणि स्वतः महत्त्वाच्या कामांना लागला, म्हणजे सांबुसे, शरबते, विडे आणि अत्तरे. ग्रंथातल्या चित्रांत तो भरदार मिशांनिशी बसलेला आहे आणि भोवती चुलीवर काहीतरी शिजते आहे. राज्यकर्त्याने कोणत्या खात्याकडे जातीने लक्ष द्यावे, याचा इतका चांगला नमुना माळव्यात पुन्हा झाला नाही. ग्रंथ आता लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात एकाच पदार्थाच्या कृतीमागून कृती येतात आणि जिकडे तिकडे कस्तुरी, कापूर, गुलाबपाणी. सुगंधाचा इतका बारकावा, पण वाढताना वाटी लागेल का, याविषयी मौन. सुलतानाला वाटी मागावी लागत नसेल, हे त्याचे उघड कारण.

आता ते दुसरे कारण. देवासला एका परकीयाने या शास्त्रात भर घातली आहे, आणि तीही शास्त्राचे एक अक्षर ठाऊक नसताना. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९१२ च्या अखेरीस पहिल्यांदा देवासला आला. देवासच्या दोन संस्थानांपैकी थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव पवार यांच्याशी त्याचे जमले, आणि १९२१ मध्ये तो त्यांचा खाजगी चिटणीस म्हणून पुन्हा आला. देवासच्या या दिवसांवरचे त्याचे पुस्तक १९५३ साली निघाले. देवीची टेकडी त्याच्या नावातच आहे. पहिल्या भेटीत त्याला दरबारी मेजवानी मिळाली. पुढ्यात भरलेले ताट आले, आणि एकाही पदार्थाचे नाव येत नव्हते. अशा वेळी दुसऱ्या कोणी काय केले असते ते सोडा. केंब्रिजमध्ये शिकलेल्या या गृहस्थाने घरी लिहिलेल्या पत्रात ताटाचा नकाशा काढला आणि पदार्थांना आकडे घातले. भाज्यांच्या नामकरणाची ही तिसरी पद्धत: क्रियेवरून नाही, प्रवाहावरून नाही, अनुक्रमांकावरून.

त्या नकाशाचे वाचन अजून मराठी डोळ्यांनी नीट झालेले नाही. त्यात भाताचे ढीग तीन आहेत. एक साधा, एक मसाला आणि डाळ घातलेला, एक साखर-बेदाण्यांचा. मराठी वाचकाला इथे पोथी सापडल्याचा आनंद व्हावा, कारण पहिला वरणासाठी, दुसरा मसालेभात किंवा खिचडी आणि तिसरा साखरभात, हे लग्नाच्या पंगतीत जेवलेले पोरही सांगेल. तपकिरी गोळे म्हणजे लाडू, सोनेरी वेटोळी म्हणजे जिलबी. शेवयांविषयी त्याला स्वतःलाच शंका होती, तरी त्या शेवयाच. तीन लहान पदार्थांनी त्याची जीभ पेटवली. ते डाव्या बाजूचे रहिवासी असणार यात वाद नाही: चटणी, लोणचे, ठेचा. नकाशा काढूनही ताटाला बाजू का असतात हे त्याच्या लक्षात आले नसावे, आणि चटणी त्याने भाजीच्या मापाने खाल्ली असावी. आग लागली ती चुकीच्या वर्गीकरणाने.

खरा वाद एका कालवणाचा आहे. त्याच्या रंगरूपावरून त्याला सफरचंदे आठवली, आणि त्या सफरचंदांची प्रकृती बरी नसावी असे वाटले. भातात कालवून एकदा पाहिले, पुन्हा धजावला नाही. हा पदार्थ कोणता? मेथांबा म्हणावा तर मेजवानी हिवाळ्यातली, कैरी कुठून येणार? पंचामृत सुचवणारे विद्वान आहेत, पण चिंच-गूळ-तिळाचा तो काळपट गोळीबंद प्रकार पाहून सफरचंद कोणालाच आठवणार नाही. आमचे मत तांबड्या भोपळ्याच्या भरिताकडे झुकते. उकडून कुस्करलेला भोपळा, दही, वर मोहरीची फोडणी. पण दही आंबट नसेल आणि भोपळा जास्त शिजला असेल तर भरीत चांगलेच सैल होते, आणि परका माणूस ते भातावर ओतायला धजतो. म्हणजे निर्णायक पुरावा चवीचा नसून पुन्हा प्रवाहाचाच. ज्याने ते भातात कालवले त्याला ते वाहताना दिसले होते.

देवासच्या भूगोलाने या शास्त्राला जे दिले त्याची तुलना नाही. १७२८ च्या सुमारास तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंकडे हा मुलूख आला आणि पुढे थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात नांदू लागली. दोन राजवाडे, दोन दरबार, दोघांनाही पंधरा पंधरा तोफांची सलामी. हद्द गावातून जायची. ज्या गावाने दोनशे वर्षे एका रस्त्यावर दोन राज्ये सांभाळली, त्या गावाला ताटाची डावी-उजवी शिकवावी लागत नाही. वर मध्यभागी मीठ, म्हणजे सीमेवरचा दगड. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे. उजवीकडे भाज्या आणि आमटी. पळीवाढी भाजीचे सगळे राजकारण हेच, की ती उजवीकडची प्रजा असून तिचा कल मध्यातल्या भाताकडे असतो. जपानी ताटातही जागा ठरलेल्या: भात पुढे डावीकडे, सूप पुढे उजवीकडे, तोंडीलावणी मागे. पण तिथे प्रत्येकाला स्वतःचे भांडे, त्यामुळे सरहद्दीचे तंटे नाहीत आणि त्यांतून येणारी चवही नाही.

माळव्याने मात्र या व्यवस्थेत एक प्रश्न घुसवला, तो शेवेचा. शेव ही भाजी नाही, चटणी नाही, पापडाच्या जातीची म्हणावी तर ती पोह्यांवर पडते, कढीत पडते, डाळीवर पडते आणि टोमॅटोच्या रश्शात पडून स्वतःच भाजी होते. पुण्याहून आलेल्या सुनेने शेव नेमाने डावीकडे वाढली, तर देवासचे सासरे ती उचलून सगळ्या ताटावर भुरभुरतात आणि "बेटा, ही अशी खातात" म्हणतात. शेवेवर कोणत्याच पातीचा हक्क सिद्ध झालेला नाही. प्रवाहाच्या मोजपट्टीवर तिची स्थिती तर आणखी विलक्षण: ती स्वतः वाहत नाही आणि ज्याच्यावर पडेल त्यालाही थांबवते. पातळ आमटी शेवेने दोन मिनिटांत पळीवाढी होते. काकूंनी शब्दाने जे साधले ते शेव पिठाने साधते.

१९४८ मध्ये दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन झाल्या. ताटातले विलीनीकरण त्यानंतर कित्येक वर्षांनी, बफेच्या प्लेटने केले. उभ्याने, एका हातात, वाटीशिवाय. कढी गुलाबजामाखाली जाते, रायते पुलावात शिरते, आणि मीठ तर प्लेटवर येतच नाही. सीमेवरचा दगडच काढून टाकला. लग्नाच्या बफेत पनीर का बोकाळले, याचे उत्तर आमच्या सिद्धांतात आहे. पनीरची ग्रेव्ही वाटीशिवाय तग धरते. अळूची पातळ भाजी धरत नाही, म्हणून ती यादीतून गेली. चवीचा दोष कोणाचाच नाही.

चिकटपणाचा अध्याय टाळता येणार नाही. जपानी भाषेत पदार्थाचा पोत सांगणारे जोडशब्द भरपूर आहेत: चिकट-तार येणाऱ्याला नेबानेबा, कुरकुरीत भाजीला शाकिशाकी, उकडलेल्या रताळ्यासारख्या कोरड्या पिठूळ घासाला होकुहोकु, दाट आणि हळू उतरणाऱ्याला तोरोतोरो. वाचताना मराठी माणसाला परके वाटत नाही. लिबलिबीत, पचपचीत, मिळमिळीत, भुसभुशीत, लुसलुशीत, खुसखुशीत अशी आपलीही पलटण उभी आहे. इंग्रजीत अशी फौज तुटपुंजी, म्हणून देवासच्या पाहुण्याला सफरचंदांची तब्येत काढावी लागली. फरक पडतो तो भेंडीपाशी. जपानी माणूस भेंडीला 'ओकुरा' म्हणतो, ती चिरतो, तिची तार मुद्दाम सुटू देतो आणि नेबानेबा म्हणून वाखाणतो. मराठी घरात भेंडी धुऊन, पुसून, कोरडी करून, आमसूल किंवा ताक घालून जे काही करतात ते सगळे त्या तारेच्या बंदोबस्तासाठी. तीच तार तिकडे कौतुकाची आणि इकडे 'बुळबुळीत झाली' म्हणून भाजी परत करण्याची. एकाच गुणाला एका देशात बिदागी आणि दुसऱ्यात तडीपारी, असे उदाहरण न्यायशास्त्रातही विरळा.

गराडूचा खटला याहून अवघड. माळव्यात थंडी पडली की हातगाड्यांवर गराडू येतो. हा कोनफळाच्या कुळातला कंद. सोलताना हाताला खाज सुटते म्हणून बायका तळहाताला तेल लावतात. तुकडे उकडून तळायचे, पुन्हा तळायचे, वर जिरावन मसाला आणि लिंबू. जपानचा नागाइमो याच कुळातला, तोही हाताला खाजतो. पण तो तिकडे कच्चाच किसतात. त्याची लापशीसारखी, लांब तार धरणारी 'तोरोरो' होते आणि ती गरम भातावर ओततात. एक कंद माळव्यात प्रवाहाच्या शून्य अंशावर तळून ठेवलेला, त्याचाच भाऊबंद तिकडे उकळीशिवाय पूर्ण अंशावर वाहणारा. मोजपट्टीची दोन्ही टोके एकाच कुळात. पिथमपूरच्या जपानी मंडळींपैकी कोणी हिवाळ्यात सराफ्यात गराडू खाल्ला असेल, तर आपण कोणाच्या चुलतभावाला चावतो आहोत हे त्याला सांगायला हवे होते. आम्ही तिथे नव्हतो.

शेवटी कोशिंबीर. ती डाव्या बाजूची, म्हणजे प्रवाहशास्त्राबाहेरची मानली जाते. पण काकडीत मीठ घालून ठेवले की तिला पाणी सुटते. मिठामुळे पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते, एवढाच तो चमत्कार. जेवायला बसेपर्यंत डावीकडून निघालेला ओघळ चटणीला भिजवत भातापर्यंत पोचतो. यावर दोन्ही देशांनी एकच उपाय काढला. जपानी सुनोमोनोसाठी काकडीच्या चकत्यांना मीठ चोळतात आणि घट्ट पिळतात. आपण खमंग काकडीसाठी काकडी कोचवतो, पिळतो, मग दाण्याचे कूट आणि खोबरे. वादाला तोंड फुटते ते पिळलेल्या पाण्यावरून. ते ओतून द्यावे की थालीपिठाच्या पिठात जिरवावे? देवासला एका घरी आम्ही हा प्रश्न मांडला, तेव्हा आजी म्हणाल्या की फेकायचे कशाला, त्यातच तर सारे असते. सूनबाई म्हणाल्या, त्यात मीठ किती आहे ते ठाऊक नसते, मग थालीपीठ खारट झाले की नाव कोणाचे येते? आजी उठल्या, पातेलीतले पाणी त्यांनी बोटाने चाखले, अर्धे पिठात घातले आणि अर्धे मोरीत ओतले.